नवमीच्या पानावरचा केक

"काही पिता का, बाई?" असं त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझ्या पोटावर तो गार, चिकट जेल पसरलेला होता आणि साडी अर्धी सोडलेली होती. अशा अवतारात माणसानं रागवायचं तरी कसं? मी म्हटलं, "चहा पिते. सकाळी एक, दुपारी एक." तो हसला नाही. माझ्या गार्गीच्या वयाचा असेल, फार तर दोन वर्षांनी मोठा. त्यानं ते यंत्र उजव्या बरगडीखाली दाबलं. श्वास आत घ्या, धरून ठेवा, सोडा. पुन्हा आत घ्या, धरून ठेवा. मी धरून ठेवला. "लिव्हरवर चरबी आहे," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "ग्रेड टू. तसं सगळ्यांनाच विचारावं लागतं, राग मानू नका." चौतीस वर्षं मास्तरकी केली मी. शाळेच्या ओट्यावर झिंगून पडलेल्या बाप्यांना छडी आपटून उठवलं, आणि आता एकसष्टाव्या वर्षी मला हा प्रश्न! मान वळवून मी पण पडद्याकडे पाहिलं. राखाडी, मऊ, हलतंय न हलतंय असं काहीतरी होतं. आमच्या बुलडाण्यात भाद्रपदातल्या सकाळी राजूर घाटातून धुकं वर येतं आणि समोरचं घरसुद्धा दिसेनासं होतं, तसंच. ते बघताना मला भीती वाटली नाही. झोप आली. तिथंच त्या कडक टेबलावर कूस बदलून झोपून जावं, आणि कुणी उठवूच नये, असं वाटलं. मग नर्सनं पुसायला कागद दिला आणि मी उठले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "आम्लपित्त." हे म्हणजे भालचंद्रराव, माझे यजमान, भूमी अभिलेखमधले निवृत्त कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी पाहिलेला माणूस, बायकोनं आखलेली हद्द मात्र कधी ओलांडली नाही. "मग रात्रीचं वरण कमी तिखट करत जा," म्हणाले आणि पेपरात शिरले. रिपोर्टची फाईल मी गव्हाच्या कोठीमागं सरकवली. का सरकवली? मला विचाराल तर मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू. मधुमेह असता तर मी चार जणींना सांगितलं असतं, गुडघे तर आम्ही मंदिरात एकमेकींना दाखवतो. पण लिव्हर! लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं बाटली उभी राहते. माझ्याही राहते. मी फाईल सरकवली तेव्हा कोठीमागच्या अंधारात माझा हात थोडा वेळ तसाच राहिला, कारण एक कागद असाच घडी करून खिशात सरकवलेला मी पाहिला होता. दोन वर्षं होऊन गेली त्याला. तो कागद विमलचा होता.

गार्गीला मात्र सांगितलं. ती पुण्यात असते, तिथं लोक असल्या गोष्टी सहज बोलतात. "आई, आधी बाबांना सांग," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघू." "आणि डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग." मी सांगितलं. रोज पाऊण तास चालायचं, वजन उतरवायचं, साखर, तूप, तळण कमी. "तुला गोड लागतं ना चारला," ती म्हणाली, "मी एक केक सांगते. ग्रीन टी घालून. मैदा नाही, साखर नाही, तूप नाही. औषध नाहीये हं ते, केक खाऊन कुणाचं लिव्हर बरं होत नाही. पण त्या शिऱ्यापेक्षा बरा. आणि ग्रीन टीच्या त्या कॅप्सूल मिळतात, त्या कुणी सांगितल्या तरी घ्यायच्या नाहीत. त्यांनी लिव्हरला उलट त्रास होऊ शकतो." तिनं पुडा पाठवून दिला. हिरवा, चुरचुरीत, नाकाशी धरला तर पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीचा वास. मी तो पुडा दोन दिवस नुसता हुंगत होते. चारच्या सुमारास, हे झोपलेले असताना, ओट्याशी उभी राहून पुडा उघडायची आणि डोळे मिटायची. मला उंद्रीतली, नोकरीच्या गावची माझी खोली दिसायची. खोलीमागची गंज, आणि गंजीला टेकून उभी शेजारची विमल, हातात झाकलेली ताटली.

आणि सप्तमीच्या सकाळी गोकुळचा फोन आला. गोकुळ विमलचा मुलगा. माझ्याच हाताखाली चौथी पास झालेला, अजून फोनवर उभा राहूनच बोलतो असं वाटतं. "बाई, परवा नवमी हाय. आईची पहिलीच. वर्षश्राद्ध झालं ना यंदा, आता पित्तराचं पान सुरू. तुमी अन् काका येजा. बाबा म्हने सवाष्ण म्हून बाईच पाह्यजेत." मी म्हटलं, "येते." दुसरं काय म्हणणार? विमलनंच मला सांगून ठेवलं होतं. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिच्या नावानं अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची, आणि नवरा आहे तोवरच. तो गेला की ते पानही बंद. विमलचे यजमान उकंडराव शहात्तरचे. म्हणजे विमलला अशी किती पानं मिळायची होती? शेवटच्या भेटीत माझा हात धरून ती म्हणाली होती, "बाई, माह्या नवमीले तुमीच येजा. दुसरी कोनी नोको. तुमच्या पोटात गेलं तं मले लागन." तेव्हा तिचा हात इतका हलका झाला होता की मला तो धरलाय की नाही तेच कळत नव्हतं. फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आलं, सवाष्णीनं नाही म्हणायचं नसतं. पान भरून वाढतात आणि पान रिकामं व्हावं लागतं. पुरणपोळ्या, वर तुपाची धार, खीर, वडे. न जेवावं तर विमल उपाशी. जेवावं तर हा बरगडीखालचा ढग. बरं, एक दिवस जेवल्यानं काय होतं, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणत आले, दरवेळी, दर पानाला.

पहिला केक मी त्याच दुपारी केला आणि तो पार वाया गेला. चूक आपलीच. आपल्याला पत्ती म्हटली की काय ठाऊक? पातेलं चढवायचं, खळखळून उकळायची, अद्रक ठेचून टाकायचं, रंग येईस्तोवर हलायचं नाही. मी त्या नाजूक पत्तीला तसंच दहा मिनिटं उकळलं. अद्रकसुद्धा टाकलं, हात गेलाच. तो काढा कणकेत ओतला. केक झाला तो कडूजहर, आणि रंग असा की ह्यांनी ताटलीत बघून विचारलं, "अगं प्रेमला, ही गवरी थापून राह्यलीस का?" एक घास घेतला आणि चेहरा असा केला की मला हसूच फुटलं. खूप दिवसांनी मी तशी हसले. मग आत येऊन उरलेला सगळा केक, मला माझीच लाज वाटते सांगायला, अर्ध्याहून जास्त मी उभ्या उभ्या खाल्ला. कडू होता तरी. टाकवेना म्हणून. आम्हा बायकांचं हेच. उरलेलं पुरण, कढईला चिकटलेला शिरा, पोरांनी अर्धा टाकलेला लाडू, काही वाया जाऊ नये म्हणून आपण स्वतःलाच डबा करतो आणि झाकण लावून ठेवतो. हा डबा माझ्या बरगडीखाली होता आणि तो त्या पडद्यावर दिसला, एवढंच.

अष्टमीला पुन्हा मांडलं. ह्यावेळी गार्गीला फोन लावून, एकेक विचारून. पत्ती कोरडीच मिक्सरमधून काढली, मलमलच्या फडक्यातून चाळली, तर पीठ पडलं ते कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखं हिरवं. निम्मी कणीक, निम्मं ज्वारीचं पीठ. खजूर कोमट दुधात भिजवून वाटला. एक सफरचंद किसून घातलं. दही, खाण्याचा सोडा, शेंगदाण्याच्या तेलाचे तीन चमचे, मोजून तीन. चौथा घालायला हात वर गेला होता, तो मी खाली आणला. अक्रोड बारीक करून. ओव्हन आमच्याकडे नाही. कुकरमध्ये खडेमीठ पसरलं, वर तिवई, वर डबा, शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावलं. आच मंद केली आणि पाटावर भिंतीला टेकून बसले. पाऊण तास तरी लागणार होता. बाहेर ऊन पडतंय न पडतंय असं होतं, हे आतल्या खोलीत घोरत होते, आणि कुकरच्या शिट्टीच्या भोकातून बारीक वाफ निघू लागली. गवताची, खजुराची. मला त्या वाफेनं गुंगी आली. म्हणजे मी झोपले नव्हते, गॅस डोळ्यासमोर होता, पण गॅसच्या अलीकडे एक पंगत बसली. सगळ्या बायका. आमच्या गल्लीत नवमीला सवाष्ण म्हणून पहिलं नाव माझं असतं, यजमान धडधाकट, घर जवळ, आणि बाई शाळेतली म्हणजे वेळेवर येणार. वीस-बावीस नवम्या मी अशा जेवले असेन. एका वर्षी तर दोन घरी. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं अशा बायकांच्या जागी मी बसले, त्यांच्या नावाची ओटी घेतली, त्यांच्या नावाचं हळदी-कुंकू लावलं, आणि त्यांना आवडायचं ते खाल्लं. झुंबरबाईंना बासुंदी आवडायची, मी वाडगाभर प्याले. सुचिताच्या सासूला तळलेले मोदक, मी अकरा खाल्ले. त्या सगळ्या आता माझ्या स्वयंपाकघरात ओळीनं बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, आणि कुणाच्याच पुढं पान नव्हतं. मी त्यांना म्हटलं, अगं बायांनो, तुम्ही नुसता वास घेऊन गेलात की, चरबी माझ्याकडे ठेवलीत! त्या हसल्या. अगदी आपल्या माणसांसारख्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या शेवटी, दाराशी, विमल बसली होती आणि ती मात्र हसली नाही.

विमलचं मी काय सांगू? चोविसाव्या वर्षी नोकरीला उंद्रीत गेले, तेव्हा तिच्या घराला लागून असलेली खोली मला मिळाली. अकरा वर्षं त्या खोलीत होते मी. लग्न झालं, गार्गी झाली, तरी सोमवार ते शनिवार तिथंच. दुपारच्या सुटीत ती कुंपणापलीकडून हाक मारायची, "बाई, चार घास खाऊन घ्या," आणि ते चार घास कधी चार नसायचे. भाकर, अंबाडीची भाजी, वर तेल, आणि मी नको म्हटलं की आणखी. "तुमी पोरायले शिकवता, ताकद पाह्यजे." मी काही बोलले की ती "हाव" म्हणायची. पण तिचं ते हाव साधं नव्हतं, श्वास आत ओढत म्हणायची, जणू तुमचं बोलणं ती पोटात ठेवून घेतेय. वर्गात मी पोरांना "हाव नाही, हो म्हणा" असं बजावत असे, आणि घरी येऊन विमलचं ते हाव ऐकलं की माझा दिवस संपल्यासारखा वाटे. स्वतः ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेलं. सणाचं उरलेलं तर तीन तीन दिवस.

मग तिचे पाय सुजले. डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून आधी एका गावी नेऊन मुळांची माळ घालून आणली. कावीळ उतरते तशी ती माळ लांबत जाते म्हणतात. माळ लांबली, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर आली. पोटही तितकंच वर आलं होतं. शेवटी दवाखाना झाला, आणि तिथून परतताना ते सगळे माझ्याकडे थांबले. विमल आत दिवाणावर पडली. उकंडराव बाहेर अंगणात, टोपी हातात. गोकुळनं खिशातून कागद काढला. "बाई, डॉक्टर लय भरभर बोलले, इंग्रजीत. तुमी वाचून सांगा." मी वाचलं. सिरॉसिस. मी सांगितलं, लिव्हर पार खराब झालंय. उकंडरावांनी हातातली टोपी उलटीसुलटी केली. मग म्हणाले, "लिव्हर तं दारूनं जाते ना? तिनं तं थेंब नाई घेतला. म्या बी नाई." मी म्हटलं, दारूशिवायही होतं कधीकधी, कागदावर तसंच लिहिलंय. "आपन समजून घेऊ, बाई. गाव समजून घेनार हाय का? म्हनतीन उकंड्याची बायको चोरून पेत व्हती. हे कोनाले सांगू नोका. तिले बी नोका." गोकुळनं कागदाची घडी केली, आणखी घडी केली, आणि तो खिशात सरकवला. मी आत गेले. विमलनं डोळे उघडले. "बाई, कागदावर काय लिव्हलं हाय?" तिला वाचता येत नव्हतं. आयुष्यात तिनं वाचायचं म्हणून जे काही होतं ते माझ्यावर सोपवलेलं. रेशनचं कार्ड, गोकुळचं प्रगतिपत्रक, पाहुण्यांचं पत्र. मी कधी तिला एक अक्षर खोटं वाचून दाखवलं नव्हतं. "काही नाही," मी म्हटलं, "पोटाला सूज आहे, उतरेल." "मंग सारं खाऊ का? हे म्हनतेत खाऊन ताकद येईन." आणि मी म्हटलं, "खा." श्वास आत ओढून ती म्हणाली, "हाव." पुढं सात महिने जगली. डॉक्टरनं मीठ बंद सांगितलं होतं, ते कागदावर होतं, मी वाचलं होतं. घरात तिला कुणी कारण सांगितलेलं नव्हतं, मग ती लोणचं कशाला सोडेल? लोणच्याशिवाय तिला घास उतरत नसे. खरं सांगून ती वाचली असती असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नव्हतं. पण तिला कशानं मरण येतंय ते तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. ही गोष्ट मी ह्यांनाही कधी सांगितली नाही.

डोळे पुसून मी उठले, स्वेटरची सुई केकात खुपसली, स्वच्छ बाहेर आली. छान फुगला होता. वर बारीक भेग पडली होती आणि भेगेतून हिरवं दिसत होतं. शेवाळासारखं म्हणवत नाही, पण दुसरा शब्दही नाही. एक कोपरा मोडून खाल्ला. आधी कडसर, मग हळूच खजूर, मग कुठंतरी मागं ज्वारी. शिऱ्याची सर नाही. पण तो जिभेवर असताना मला आणखी खावंसं वाटलं नाही, पुरे वाटलं. पुरे वाटणं म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. ह्यांनी चाखला आणि म्हणाले, "आज गवरी नाही. आज खाण्यासारखा आहे. कशासाठी करून राह्यलीस हे?" माझ्या ओठांवर आलं होतं. कोठीकडे डोळेसुद्धा गेले. "विमलसाठी," मी म्हटलं आणि केक स्टीलच्या डब्यात ठेवला.

नवमीला सकाळी एसटीनं निघालो, चिखलीला गाडी बदलली. हे डबा मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही हातांनी धरून, नकाशा सांभाळावा तसा. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, मैलचे मैल, आणि त्या पिवळ्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. विमलचे डोळे असेच पिवळे होते. माझेही होतील का? मी एसटीच्या आरशात वाकून पाहिलं. अजून पांढरे होते. "काय बघतेस?" ह्यांनी विचारलं. "काही नाही." बायकोला पस्तीस वर्षं ओळखणारा माणूस, माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग डब्याकडे. मला वाटलं आता विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्यांनी डबा फक्त घट्ट धरला, आणि मला मेलीला त्याचंही रडू आलं.

उंद्रीत घर तेच होतं. माझ्या खोलीत आता खताच्या गोण्या. राखीनं, म्हणजे गोकुळच्या बायकोनं, माझे पाय धुतले, हळदी-कुंकू लावलं, ओटी भरली, हिरव्या बांगड्या चढवल्या. कोपरापर्यंत हात धरून चढवताना ती म्हणाली, "मावशी, सासूबाईचा अन् तुमचा हात एकाच मापाचा हाय." मी दुसरा हात पुढं केला. पाटावर बसवलं. समोर विमलचा फोटो, हार घातलेला, आणि फोटोत ती तिला न आवडणाऱ्या निळ्या लुगड्यात. बाजूच्या ओळीत भाऊबंद, हे त्यांच्यात. गोकुळनं पान वर कौलांवर नेऊन ठेवलं. कावळ्याचं मी काही सांगत नाही, तो आला की नाही ते मी पाहिलं नाही. माझ्या पानावर तीन पुरणपोळ्या आल्या. खीर. वडे. कढी. आणि राखी तुपाची कासंडी घेऊन वाकली. "नाई म्हनू नोका, मावशी. आज तुमी आमच्या सासूबाई. त्याइले तूप लय आवडे."

हे खरं होतं. आवडायचं तिला. पोळीवर तूप पाझरलं की ती बोटानं पुसून घ्यायची, आणि मी पाहतेय म्हणून लाजायची. तो वास आला आणि एका क्षणात मी सगळं विसरले, ढग, रिपोर्ट, गार्गी. माझं बोट पोळीकडे गेलंसुद्धा. विमलचं बोट की माझं, मला खरंच कळलं नाही. आत कुठंतरी ती म्हणत होती, मंग सारं खाऊ का? आणि उत्तर द्यायचं माझ्याकडे होतं, तेव्हासारखंच.

"राखी, थांब," मी म्हटलं. "अहो, तो डबा द्या इकडे." ह्यांनी डबा दिला. मी झाकण काढलं, केक झाकणात ठेवला, त्याचे काप केले. "हा केक विमलच्या नावाच्या ह्या पानावर वाढायचा. ग्रीन टी घालून केलाय. साखर, तूप, मैदा, अंडं, काही नाही यात."

"केक?" भाऊबंदातली एक म्हातारी म्हणाली, "पित्तराच्या पानावर? काऊन वं, विमलचा बड्डे हाय का आज?" सगळी पंगत हसली. मलाही हसू आलं असतं. पण मी काप सारखे करत होते आणि नव्या बांगड्या वाजत होत्या.

"विमलचं लिव्हर खराब झालं होतं," मी म्हटलं. वर्गातल्या आवाजात म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. "पोटाची सूज नव्हती ती. लिव्हर. दारूचा थेंब न घेता होतं ते. मला पण झालंय, आता, गेल्या आठवड्यात कळलं. मी पण थेंब घेतलेला नाही. तिनं मला विचारलं होतं कागदावर काय लिहिलंय, आणि मी तिला खोटं वाचून दाखवलं. सगळं खा म्हणाले मी तिला."

ह्यांचा घास हातात राहिला. त्यांनी तो पानावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले, त्या एसटीतल्या नजरेनं. राखीच्या हातातल्या कासंडीतून तूप थेंब थेंब जमिनीवर पडत होतं. गोकुळ हळू आवाजात म्हणाला, "बाई, राहू द्या आता. मानसं जेवून राह्यले." पोर घाबरलं होतं. त्याचा तो दुमडलेला कागद मला पुन्हा दिसला, आणि मला त्याची दया आली, आणि तरी मी म्हटलं, "नाही रे बाळा. आता नाही राहू देत."

उकंडराव वाढायला उभे होते, खिरीचं पातेलं धरून. पातेलं त्यांनी खाली ठेवलं. माझ्या पानासमोर येऊन उकिडवे बसले, गुडघे कडकडले. आता हे मला घराबाहेर काढतील, असं मला वाटलं, आणि काढलं तरी चालेल, असंही वाटलं. त्यांनी माझ्या पानावरच्या दोन पोळ्या उचलल्या आणि बाजूच्या ताटात ठेवल्या. वडे उचलले. खिरीची वाटी बाजूला सारली. पानावर एक पोळी राहिली आणि बरीचशी जागा. मग त्यांनी झाकणातला केकाचा एक काप उचलला, त्याचा वास घेतला, आणि तो त्या जागेत ठेवला.

"मले बी विचारलं व्हतं तिनं," ते म्हणाले. फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. "मले काय झालं, म्हने. म्या म्हनलं काई नाई, तू जेव."

वर कौलांवर काहीतरी खसखसलं. उकंडरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पान माझ्याकडे थोडं सरकवलं. सदतीस वर्षांत ह्या माणसानं मला बाई आणि तुमी याशिवाय हाक मारलेली नाही.

"घे," ते म्हणाले. "तुले झेपते तेवढंच खाय. कोनी आग्रव केला तं ऐकू नोको. माहं बी ऐकू नोको."

मी केकाचा तुकडा मोडला. बरगडीखाली हात गेला, तो तिथंच ठेवला. मग विमल घ्यायची तसा श्वास आत ओढला आणि म्हटलं, "हाव."